चंद्र इंदूरचा, वेळ मुंबईची

इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत भिंतीवरची दिनदर्शिका महाराष्ट्रातून आलेली असते, आणि तिच्यात ठळक छापलेली चंद्रोदयाची वेळ बहुधा मुंबईची असते. संकष्टीच्या संध्याकाळी आजी दिनदर्शिका पाहते, नात मोबाइलवरचं ॲप पाहते. दोन्हींत पंधरा-वीस मिनिटांचा फरक निघतो आणि खरं कुणाचं, हा वाद सुरू होतो. बहुतेक वेळा दोन्ही वेळा बरोबर असतात, फक्त त्या दोन वेगळ्या गावांच्या असतात.

चंद्राचं ॲप वापरताना एक भेद पक्का ठेवावा. ॲपमधली काही माहिती सगळ्यांची असते, काही आपापली. चंद्राची कला, तिथी, प्रकाशित भागाचे टक्के आणि पृथ्वीपासूनचं अंतर या गोष्टी इंदूर, मुंबई आणि लंडनला एकाच क्षणी जवळपास एकच असतात. चंद्र कधी उगवेल, कोणत्या दिशेला दिसेल आणि किती उंचीवर असेल, हे मात्र आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. ॲप चुकतंय असं वाटलं की आधी पाहावं, चूक सगळ्यांच्या माहितीत आहे की आपल्या माहितीत. अर्धा उलगडा तिथेच होतो.

सगळ्यांची माहिती आधी

आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामधला कोन रोज सरासरी १२ अंशांनी वाढतो. या १२ अंशांच्या एका टप्प्याला आपण तिथी म्हणतो. तीस टप्पे पूर्ण झाले की ३६० अंश होतात आणि एका अमावास्येपासून दुसरी अमावास्या येते, त्याला सरासरी २९.५३ दिवस लागतात. चंद्राची कक्षा लंबगोल आहे. तो जवळ असताना भरभर सरकतो, लांब असताना सावकाश, म्हणून एखादी तिथी २० तासांच्या आसपास आटोपते तर एखादी साडेसव्वीस तासांहून जास्त चालते. क्षयतिथी (एकाही सूर्योदयाला नसणारी) आणि वृद्धितिथी (दोन सूर्योदयांना असणारी) येतात त्या याच कारणाने.

ॲपमध्ये 'इल्युमिनेशन' म्हणून जे टक्के दिसतात ते याच कोनावरून काढलेले असतात, त्यामुळे तिथी ताडून पाहायला त्यांचा चांगला उपयोग होतो. शुक्ल द्वितीयेला चंद्र १ ते ४ टक्के उजळलेला असतो, शुक्ल चतुर्थीला ९ ते १७, अष्टमीला ४५ ते ५५, एकादशीला ७५ ते ८४. पौर्णिमेची तिथी लागते तेव्हाच तो ९९ टक्के झालेला असतो, म्हणून पौर्णिमा आणि तिच्या आदल्या दिवशीचा चंद्र नुसत्या डोळ्यांना सारखाच वाटतो. संकष्टीचा, म्हणजे वद्य चतुर्थीचा चंद्र ९० ते ८३ टक्के असतो. त्या रात्री ॲप ९६ टक्के दाखवत असेल, तर एक तर चतुर्थी लागलेली नाही किंवा ॲपमध्ये तारीख दुसरीच लावलेली आहे.

तिथीबाबत एक घोटाळा नेहमी होतो. दिनदर्शिकेच्या चौकटीत सूर्योदयाची तिथी छापतात, ॲप मात्र आत्ता या क्षणी चालू असलेली तिथी दाखवतं. संकष्टीला तर चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. म्हणून सकाळी ॲप तृतीया म्हणत असलं तरी त्याच दिवशी संकष्टी असू शकते. आणखी एक बारकावा आहे. चतुर्थी लागण्याचा क्षण साऱ्या देशाला एकच, पण चंद्रोदय गावागणिक वेगळा. समजा चतुर्थी रात्री ९ वाजता लागली आणि त्या दिवशी चंद्र इंदुरात ८:५० ला तर मुंबईत ९:१० ला उगवला. मुंबईत चंद्रोदयाला चतुर्थी आहे, इंदुरात नाही. असं क्वचित होतं, पण झालं की दोन शहरांच्या पंचांगांत संकष्टीचा दिवसच वेगळा येऊ शकतो, आणि ती छपाईची चूक नसते.

आता आपली माहिती

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई १९.१ आणि ७२.९ वर. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, म्हणून इंदूर मुंबईच्या बारा मिनिटं पुढे. इथवर पुष्कळांना ठाऊक असतं आणि बरेच जण छापील वेळेतून सरसकट बारा मिनिटं वजा करतात. सूर्योदयाला तर हा हिशेब पुरत नाहीच, चंद्रोदयाला त्याहून पुरत नाही, कारण अक्षांशही हिशेबात येतो. चंद्र आकाशाच्या उत्तर भागात असला की उत्तरेकडच्या गावात तो लवकर उगवतो, दक्षिण भागात असला की उशिरा. इंदूर मुंबईच्या साडेतीन अंश उत्तरेला आहे. तेवढ्यानेच चंद्रोदय नऊ मिनिटांपर्यंत इकडेतिकडे होतो.

त्यामुळे सध्याच्या वर्षांत इंदूर आणि मुंबईच्या चंद्रोदयातला फरक तीन मिनिटांपासून एकवीस मिनिटांपर्यंत कितीही असू शकतो. संकष्टीपुरतं बोलायचं तर नोव्हेंबरच्या आसपास वद्य चतुर्थीचा चंद्र पार उत्तरेला असतो, तेव्हा इंदुरात तो मुंबईच्या वीसेक मिनिटं आधी येतो. मे महिन्यात तोच चंद्र दक्षिणेला असतो आणि फरक तीन-चार मिनिटांवर येतो. पुण्याची दिनदर्शिका असेल तर याहून गंमत आहे: मेच्या सुमारास इंदुरात चंद्र पुण्याच्या दोनेक मिनिटं मागून उगवू शकतो. म्हणून एकच ठरावीक आकडा वजा करायची सवय सोडलेली बरी. ॲपची खरी उपयुक्तता इथे आहे, कारण ते रोजचा हिशेब रोज करतं.

याला जोडून सांगण्यासारखं म्हणजे, भारतीय ज्योतिर्गणितात पूर्वी शून्य रेखावृत्त उज्जैनवरून धरत. उज्जैन ७५.८ वर, म्हणजे इंदूर त्याच रेषेला जवळजवळ चिकटून आहे. दोन्ही गावांत रेखांशामुळे पडणारा फरक अर्ध्या मिनिटाचाही नाही.

ॲप लावताना

दोन प्रकारची ॲप जवळ असू द्यावीत. एक पंचांगाचं, तिथी आणि चंद्रोदयासाठी. दुसरं आकाशनकाशाचं, म्हणजे स्टेलेरियम किंवा स्काय मॅप यांसारखं, दिशा आणि उंचीसाठी. नुसता गोल चंद्र आणि टक्के दाखवणारी जाहिरातींनी भरलेली ॲप ढीगभर मिळतात, पण आपल्या गावाच्या माहितीत ती बहुधा कच्ची असतात.

उतरवल्यावर पहिलं काम ठिकाणाचं. ॲप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा 'अंदाजे ठिकाण' एवढीच दिली तरी चालते. इंदूरच्या अक्षांशावर पंचवीस किलोमीटर पूर्व-पश्चिम गेलं की चंद्रोदय एका मिनिटाने सरकतो. राजेंद्र नगरात राहता की विजय नगरात, याने वेळ बदलत नाही, आणि देवाससाठीही हीच वेळ चालते. त्यापेक्षा सेटिंगमध्ये जाऊन 'इंदूर' हाताने निवडून ठेवलेलं जास्त चांगलं. जीपीएस बंद असताना काही ॲप नेटच्या जोडणीवरून ठिकाण ओळखतात, आणि नेटवर आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन चालू असेल तर ते ठिकाण मुंबई, दिल्ली किंवा परदेशातलं एखादं शहरही असू शकतं. संपर्क, फोटो आणि माइक यांची परवानगी चंद्राच्या ॲपला कशालाच लागत नाही, ती नाकारावी.

मग वेळेचा पट्टा. फोनची वेळ 'आपोआप' वर असावी आणि ॲपमध्ये ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास लागलेले आहेत ना, हे पाहावं. यातली चूक फरकाच्या आकड्यावरून ओळखता येते. बरोबर अर्ध्या तासाचा फरक येत असेल तर पाच किंवा सहा तास लागले आहेत. बरोबर एका तासाचा असेल तर परदेशातली उन्हाळी वेळ चालू आहे, ती बंद करावी. महिन्यागणिक बदलणारा, पाच ते वीस मिनिटांचा फरक असेल तर ठिकाण दुसऱ्या शहराचं आहे. आणि नेहमीच दोन-चार मिनिटांचा असेल तर ती चूक नसून व्याख्येतला फरक आहे: काही जण चंद्राची वरची कड क्षितिजावर आल्याचा क्षण धरतात, काही बिंबाचा मध्य, आणि हवेमुळे प्रकाश वाकतो ते कुणी हिशेबात घेतं, कुणी घेत नाही. दोन-चार मिनिटांसाठी कुणाशी वाद घालू नये.

चंद्रोदयाच्या रकान्यात एखाद्या दिवशी नुसती रेघ दिसली तर ॲप बिघडलं असं समजू नये. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, कधी पस्तीस-चाळीस, कधी तासाहून जास्त. असं सरकत सरकत महिन्यातून एकदा त्याचा उदय रात्री बाराच्या पलीकडे जातो, आणि मधली एक तारीख चंद्रोदयाविनाच जाते.

होकायंत्र आणि मूठ

फोन आकाशाकडे धरला की 'इथे चंद्र आहे' असं दाखवणारी सोय तीन भागांवर चालते. फोन किती उचलला हे एक सेन्सर सांगतो, किती फिरवला हे जायरोस्कोप, आणि उत्तर कुठे हे चुंबकीय होकायंत्र. यातलं होकायंत्र सगळ्यांत लवकर फसतं. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ते मुळातच नसतं. मग नकाशा फोनबरोबर फिरत नाही, बोटाने सरकवावा लागतो. ॲपचा त्यात दोष नाही.

होकायंत्र असूनही चंद्र भलत्याच दिशेला दिसत असेल, तर आधी फोनचं कव्हर काढावं. पाकिटासारख्या कव्हरच्या झाकणात लोहचुंबक असतं. मग गच्चीवर उभं राहायची जागा बदलावी. पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, सोलर पॅनेलचा सांगाडा, कठड्याचे गज, उभी स्कूटर, यांतल्या कशाजवळही सुई वीस-तीस अंश सहज वळते. मोकळ्यात येऊन फोन हवेत आठचा आकडा काढत तीन-चारदा फिरवावा, त्याने सेन्सर पुन्हा जुळतो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे फारच थोडा आहे, त्याची काळजी नको.

जुळलं की नाही हे ध्रुवताऱ्यावरून तपासावं. तो जितक्या अक्षांशावर आपण असू तितक्या अंशांवर दिसतो, म्हणजे इंदुरात क्षितिजापासून पावणेतेवीस अंशांवर. हात सरळ समोर ताणून मूठ आडवी धरली की ती साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, वर करंगळी आणि शेजारचं एक बोट: तिथे ध्रुव. ॲपमधला ध्रुव आणि आकाशातला ध्रुव एकमेकांवर बसले की होकायंत्रावर भरवसा ठेवावा. त्याच ताणलेल्या हाताची करंगळी एक अंश जाडीची असते आणि चंद्र तिच्या निम्माच. उगवता चंद्र परातीएवढा वाटला तरी करंगळीमागे अख्खा लपतो, करून पाहावं.

हीच मूठ संकष्टीच्या रात्रीही कामाला येते. ॲपमधला चंद्रोदय म्हणजे सपाट, मोकळ्या क्षितिजावरचा उदय. शहरात असं क्षितिज कुठे असतं? समोर साठ मीटरवर बारा मीटर उंचीची चार मजली इमारत असेल तर तिने अकरा अंश झाकले. इंदुरात चंद्र उगवल्यावर तासाला बारा-तेरा अंश वर चढतो. म्हणजे एका मुठीचा आडोसा असेल तर पाऊण तास थांबावं लागेल, दोन मुठींचा असेल तर दीड तासाहून जास्त. आधीच्या संध्याकाळी उजेड असताना गच्चीवरून पूर्वेकडचा आडोसा किती मुठींचा आहे ते मोजून ठेवावं. ॲप ८:४० म्हणत असेल आणि आडोसा एका मुठीचा असेल, तर मुलांना साडेनऊ सांगावं. उपास पंचांगातली वेळ झाली की सोडायचा की चंद्र डोळ्यांनी पाहून, हा ज्याच्या त्याच्या घरचा रिवाज आहे. पावसाळ्यात तर पंचांगातल्या वेळेशिवाय दुसरा इलाजच नसतो.

पूर्व म्हणजे नेमकी कुठली, हेही ॲपमधून पाहावं. 'ॲझिमथ' या आकड्याला मराठीत दिगंश म्हणतात: उत्तरेला शून्य, पूर्वेला ९०, दक्षिणेला १८०. इंदुरात सध्याच्या वर्षांत चंद्र महिनाभरात साधारण ५९ ते १२१ दिगंशांच्या दरम्यान कुठेही उगवतो, म्हणजे ठाम पूर्वेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मुठी. गेल्या महिन्यात ज्या निंबाच्या झाडामागून आला तिथूनच या महिन्यात येईल, हे धरून बसू नये.

'अल्टिट्यूड' म्हणजे उन्नतांश, क्षितिजापासूनची उंची: शून्यापासून डोक्यावरच्या ९० पर्यंत. कोजागरीला हा आकडा विसरला जातो. त्या रात्री बाराच्या आगेमागे चंद्र सर्वांत उंच असतो, डोक्यावरून जरासा दक्षिणेला कललेला, सत्तर अंशांच्या वर. वर स्लॅब असलेल्या बाल्कनीत दुधाचं पातेलं ठेवलं तर तेव्हा त्यात चंद्र पडत नाही. त्यासाठी गच्चीच लागते. बाल्कनीतच करायचं असेल आणि ती पूर्वेकडे असेल, तर दहाच्या आत दूध ठेवावं.

ॲपमध्ये चंद्र उभा, आकाशात आडवा, अशीही तक्रार असते. ॲपचं चित्र उत्तर वर धरून काढलेलं असतं, म्हणून शुक्ल पक्षात त्याची उजवी बाजू उजळ दिसते. आकाशातला चंद्र मात्र उगवताना आणि मावळताना कललेला असतो. वसंतात संध्याकाळची बीजेची कोर तर होडीसारखी पाठीवर निजलेली दिसते. उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते, एवढंच धरून चालावं. शुक्ल पक्षात चित्राची डावी बाजू उजळत असेल तर सेटिंगमध्ये दक्षिण गोलार्ध लागलेला आहे.

महिन्यांचा गोंधळ

इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हा त्रास पुण्याच्या माणसापेक्षा जास्त. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी भाषक शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकाच नावाचा, वद्य पक्षात मात्र त्यांचं नाव एक महिना पुढे. गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भादों बदी. पितृपक्ष आपला भाद्रपदात, त्यांचा आश्विनात. शेजारणीचा करवा चौथ कार्तिकातला, आणि त्याच संध्याकाळी त्याच चंद्राची आपल्या घरातली संकष्टी आश्विनातली. सावनचे सोमवार त्यांचे पंधरा दिवस आधी सुरू होतात ते यामुळेच. हिंदीत सुरू होणाऱ्या पंचांग ॲपमध्ये बहुधा 'पूर्णिमांत' लागलेलं असतं, ते 'अमांत' करावं. त्याने तिथी आणि चंद्रोदय बदलत नाहीत, फक्त महिन्याचं नाव आपलं होतं.

राशीचंही असंच. आकाशनकाशा चंद्र ज्या तारकासमूहासमोर दिसतो त्याचं नाव देतो, पंचांग निरयन (ताऱ्यांच्या आधारे मोजलेली) रास देतं आणि पाश्चात्त्य ज्योतिषाची ॲप सायन (वसंतसंपातापासून मोजलेली) रास. निरयन आणि सायन यांत सध्या सुमारे २४ अंशांचं अंतर आहे, म्हणून तिन्ही नावं वेगळी येऊ शकतात. तिथीवर याचा परिणाम होत नाही. ती सूर्य-चंद्रातल्या अंतरावर असते आणि दोघंही तेवढेच सरकलेले असतात.

ग्रहणाला सगळ्यांची माहिती आणि आपली माहिती हा सुरुवातीचा भेद कामी येतो. ३ मार्च २०२६ चं खग्रास चंद्रग्रहण घ्या. खग्रास अवस्था भारतीय वेळेनुसार दुपारी ४:३४ ते ५:३३, आणि खंडग्रास ६:४७ ला संपतं. या वेळा सगळ्या देशाला सारख्याच. पण इंदुरात त्या दिवशी चंद्र उगवतो तोच साडेसहाच्या सुमारास, म्हणजे इथून फक्त शेवटची पंधरा-सतरा मिनिटं, तीही क्षितिजाला टेकलेल्या चंद्रावर. ग्रहणाची बातमी आली की ॲपमध्ये ती तारीख आणि सुटण्याची वेळ लावावी, त्या क्षणी इंदुरात चंद्र किती अंशांवर आहे ते वाचावं आणि पूर्वेकडच्या आडोशाच्या मुठी त्यातून वजा कराव्यात. उणे उत्तर आलं तर गच्ची सोडून पूर्वेला मोकळं रान असलेली जागा दिवसाउजेडी शोधून ठेवावी.